आत्याची अक्षत

ही हकिगत एकोणीसशे पंचाण्णव सालची. त्या वर्षी पेणच्या खाडीकाठची चंद्रावती मुलाकडे कांदिवलीला राहायला गेली आणि अंगणात उभ्या असलेल्या माणसाला आधी पाणी देऊन मग "कोणाचा रे तू?" असं विचारण्याची तिची सवय सोसायटीच्या कार्यकारिणीपुढे चर्चेला आली.

निमित्त साधं होतं. कुकरच्या रिंगा विकणारा एक मनुष्य दारावर आला. चंद्रावतीने त्याला बसवलं, चहा दिला, आणि बोलता बोलता त्याची मावशी नागोठण्याची निघाली. मुलगा दिनानाथ कामावरून आला तेव्हा मावशीच्या गुडघ्यांवर औषध काय, इथपर्यंत गाडी आली होती. तो त्या माणसासमोर काही बोलला नाही. नंतर मात्र पुष्कळ बोलला.

पुढच्या रविवारी सचिव हैबतरावांनी सभा बोलावली. सोसायटीचं नाव स्नेहवर्धन. तिथे कधी चोरी झालेली नव्हती, परंतु ती न झाल्यामुळेच होण्याची शक्यता वाढली आहे, असं सभेचं मत पडलं. अनोळखी म्हणजे कोण, याची व्याख्या एकमताने संमत झाली: ज्याची ओळख नाही तो अनोळखी, आणि अनोळखी माणसाशी ओळख करून घेण्यास सक्त मनाई आहे. दाराला साखळी बसवावी, भिंगातून पाहिल्याखेरीज दार उघडू नये, आणि नातेवाईक म्हणवणाऱ्याबाबत विशेष दक्षता घ्यावी, कारण चोर स्वतःला चोर म्हणवत नाही.

चंद्रावती बाई जिद्दीची. मुलाची मान खाली गेली हे तिला लागलं होतं. जी चौकशी ती गावात माया म्हणून करायची, तीच आता पहारा म्हणून करू लागली. आजोळ कुठलं, सोयरीक कुठली, आजाला किती भाऊ. दूधवाल्यालाही हे सांगितल्यावाचून दूध देता येईना. कार्यकारिणीने तिला दक्षता प्रमुख केलं. एकदा हैबतराव मिशी काढून आले. तिने त्यांना जिन्यातच अडवलं. नियम त्यांनीच केले असल्यामुळे त्यांना तक्रारही करता येईना. मिशी पुन्हा येईपर्यंत ते मेव्हण्याकडे राहिले.

या सगळ्यात तिचं चित्त मात्र एका गोष्टीकडे लागलेलं. भावाच्या मुलीचं, शांतीचं लग्न जिते गावच्या स्थळाशी ठरत होतं. शांती तिच्याच मांडीवर वाढलेली, आणि त्यांच्यात पहिली हळद आत्याने लावायची. पण त्यासाठी भावाने स्वतः येऊन हातावर अक्षत ठेवायला हवी. अक्षत नाही तर आवतण नाही, आणि आवतणाशिवाय सख्खी बहीणही मांडवात पाय ठेवत नाही. चंद्रावतीने हिरवं लुगडं कधीचं घेऊन ठेवलं होतं.

मार्गशीर्षात एका दुपारी बेल वाजली. वॉचमनने कुणाला अडवलं नव्हतं. चंद्रावती प्रमुख झाल्यापासून तो निर्धास्त झोपत असे. तिने भिंगातून पाहिलं. भिंगात आधी एक भलंमोठं नाक आलं आणि त्याच्या मागे, सवडीने, चेहरा.

"कोण?"

"मी जनू हाय गो. उघड."

"कोण जनू?"

"तुझा भाऊस."

तिचा हात कडीकडे गेला होता, पण पदाची जबाबदारी आड आली. तिने आईचं नाव विचारलं. बाहेरच्याने धोंडुबाई सांगितलं. मिठागरात पाय घसरून पडली होती ती कोण? तूच, तो म्हणाला, डाव्या गुडघ्याला वण हाय, बघ. चंद्रावतीने वाकून पाहिलं. वण होता. घरची म्हैस, शेजारणीचं भांडण, बापाची विडी, सगळं त्याने अचूक सांगितलं. आणि जसजशी उत्तरं बरोबर येत गेली तसतसा चंद्रावतीचा संशय बळावत गेला. एवढी बरोबर उत्तरं तयारी करून आलेला माणूसच देऊ शकतो.

"येवढं सगळं तुला कुणी सांगितलं?" तिने दाराआडून विचारलं.

जनूने शेजारची दारं वाजवून पाहिली. आतून फक्त कड्या सरकल्याचे आवाज आले. अक्षत परत घरी न्यायची नसते. जमिनीवर ठेवायची नसते. जिन्यात गोविंदा नावाचा एक मनुष्य बसला होता. तो दाराच्या साखळ्या विकायचा, पण साखळी घ्यायला कुणी दार उघडत नव्हतं. जनूने त्याचा हात धरला आणि तळव्यावर अक्षत ठेवली.

"लेकीचं लगीन हाय. ये."

"पण मी तुमचा कोण लागतो?"

"त्ये आल्यावर बघू."

गोविंदा आला. मांडवात वाद झाला, पण जाणत्यांनी निकाल दिला की अक्षत ज्याच्या हातावर, मान त्याचा. शांतीला पहिली हळद गोविंदाने लावली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. चंद्रावतीला हे लग्नानंतर गावाहून निरोप आला तेव्हा कळलं, आणि त्या वेळी ती आपण एका बहुरूप्याला कसं परतवलं हे मुलाला अभिमानाने सांगत होती.

ती पेणला धावली. जनूच्या बायकोने, काशीबाईने पाट मांडला आणि आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, जसा परक्या माणसापुढे करतात.

पुढे गोविंदाने साखळ्यांचा धंदा सोडला. रोह्याला त्याचं भांड्यांचं दुकान झालं आणि शांतीची पोरं त्याला शेवटपर्यंत आत्या म्हणत. जनू बहिणीशी बोलू लागला, पण कांदिवलीला पुन्हा गेला नाही. काशीबाई गेल्या सालापर्यंत हयात होती. हैबतरावांनी पुन्हा कधी मिशीला हात लावला नाही. दिनानाथने दाराला आणखी एक दार बसवलं. हिरव्या लुगड्याची घडी चंद्रावतीने मोडली नाही.

ही गोष्ट पेण-रोह्याकडे सांगितली की लोक विचारतात, बहिणीने दार का नाही उघडलं? शहरात सांगितली की विचारतात, भावाने येण्याआधी फोन का नाही केला? वाचताना तुमच्या मनात यातला कुठला प्रश्न आधी आला, ते कुणाला सांगू नका. अनोळखी लोक ऐकत असतात.