नळ असलेली बुखारी

मानवाच्या प्रगतीचा इतिहास हा मुळात अग्नीला काबूत आणण्याचा इतिहास आहे, असं विद्वान सांगतात. त्यात तथ्य असेलही. पण या विद्वानांपैकी कुणी डिसेंबरात मुलुंडला आमच्या शेजारी राहिलेलं नाही. आमच्या शेजारी अग्नी काबूत होता, माणसं नव्हती.

भिंतीपलीकडे सबनीसनाना राहत. ज्या गावात थंडी म्हणजे पहाटे अंगावर एक चादर जास्त, त्या गावात हा गृहस्थ रोज संध्याकाळी लाकडं जाळायचा. स्वयंपाकासाठी नव्हे, आंघोळीच्या पाण्यासाठी नव्हे, होमासाठीही नव्हे. घर गरम ठेवण्यासाठी. हे मी पहिल्यांदा बायकोला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याच कपाळाला हात लावून पाहिला.

नानांची सगळी नोकरी सिमल्याला, एका सरकारी हिशेबी खात्यात गेली. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली तेव्हा ते पेन्शन घेऊन आमच्या चाळीत तळमजल्यावर राहायला आले. बरोबर पत्नी, म्हणजे माई, दोन ट्रंका आणि एक लोकरीचा कोट. कोट तपकिरी, गळ्यापर्यंत बटणांचा. एक डिसेंबरला तो अंगावर चढे आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेला उतरे. मध्ये हवेनं काहीही केलं तरी नाना तिच्याकडे लक्ष देत नसत.

"नाना, आज चांगलंच उकडतंय," मी एकदा म्हटलं.

"डिसेंबर म्हणजे डिसेंबर," नाना म्हणाले.

हे त्यांचं त्या महिन्यातलं सर्वांत लांब वाक्य होतं. एरवी ते "हं", "ठीक" आणि "नाही" यांवर भागवत. बाजारात गेले तर बोटानं भाजी दाखवत. चाळीच्या सत्यनारायणाला आले, तीर्थ घेतलं, "ठीक" म्हणाले आणि गेले. भटजींना बरेच दिवस कळेना की ते पूजेबद्दल म्हणाले की शिऱ्याबद्दल.

परगावी राहून परत आलेल्या लोकांवर माझा फारसा विश्वास नाही. कुणी सहा महिने विलायतेला राहून येतो आणि जन्मभर काट्यानं थालीपीठ खातो. नानांची थंडी मला त्याच जातीची वाटली. हे सगळं कशासाठी, असं एकदा सरळच विचारलं, तर खोलीकडे मान वळवून म्हणाले, "हिला सोसत नाही." मी मनात म्हटलं, वा! बायकोच्या खांद्यावर बंदूक.

बुखारी म्हणजे पत्र्याची बंद चूल. पोटात लाकडं, डोक्यावर धुराडं. सिमल्याला ती घरोघरी असते. मुंबईत ती मिळत नाही हे नानांना पंधरा दिवस हिंडल्यावर पटलं. मग त्यांनी डांबराचं एक रिकामं पिंप मिळवलं, कागदावर आकृती काढली आणि दोन्ही घेऊन स्टेशनजवळच्या पत्रेवाल्या करीमचाचांकडे गेले. हमालाला हाका मारायला कुणीतरी हवं म्हणून मला बरोबर घेतलं होतं.

करीमचाचांचा जन्म आंघोळीचं पाणी तापवायचे बंब करण्यात गेला होता. त्यांनी आकृती उभी धरली, मग आडवी धरली.

"और पानी किधर डालने का, साब?"

"पानी नहीं," नाना म्हणाले.

"तो गरम क्या होएगा?"

"कमरा."

चाचांनी बिडी विझवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुकानातल्या बादल्या पाहू लागलो.

आठवड्यानं पिंप तयार झालं. काम पक्कं होतं. दार नीट बसत होतं, धुराड्याचा पाईप सरळ होता, आणि खाली, बंबाला असतो तिथे, पितळेचा झकास नळ होता.

"नल?" नानांनी विचारलं.

"बिना नल का माल मेरे दुकान से बाहर गया, तो लोग मेरे को हसेंगे, साब."

नानांनी नळ एकदा फिरवून पाहिला. मग म्हणाले, "ठीक."

अशी ती बुखारी सबनीसांच्या बाहेरच्या खोलीत उभी राहिली. खिडकीचा एक गज काढून धुराडं बाहेर नेलं. डोंगरातून मोळ्या आणणाऱ्या बायका नानांच्या दाराशी थांबू लागल्या. पहिल्या संध्याकाळी शेजारधर्म म्हणून मी जाऊन बसलो. थोड्याच वेळात फळीवरच्या बरणीतलं तूप पातळ झालं आणि भिंतीवरचं कॅलेंडर कडेनं वळायला लागलं. माझा सदरा पाठीला चिकटला. समोर नाना गळ्यापर्यंत बटणं लावून ताठ बसलेले. शेजारी पाटावर माई, हातात वाळ्याचा विंझणा. नानांची पाठ असली की माई पदर सैल करून स्वतःला वारा घेत. नाना वळले रे वळले की विंझण्याचा रोख बुखारीच्या तोंडाकडे जाई, जणू विस्तवच फुलवतायत. हे इतक्या सफाईनं चाले की मला हसू आवरेना.

"बिचाऱ्या माई," घरी येऊन मी बायकोला म्हटलं. "नवऱ्याच्या हट्टापायी शिजतायत."

त्याच महिन्यात भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी आवाज येऊ लागला. पुरुषी, जाड, न थांबणारा. शब्द कळत नसत, पण ओघ थेट दिल्लीहून बातम्या चालल्यासारखा. मधूनच बाईचं हसणं. माझ्या बायकोनं गॅलरीत माईंना गाठलं.

"माई, रेडिओ घेतलात वाटतं?"

"घेतला कुठला? जुनाच आहे," माई म्हणाल्या. "तापल्याशिवाय लागत नाही."

त्या काळी सगळेच रेडिओ तापल्याशिवाय लागत नसत, त्यामुळे आम्हाला त्यात विशेष वाटलं नाही.

जानेवारीत गोष्ट बिघडली. नानांच्या डोक्यावर पेडणेकर राहायचे. मालवणकडचे, गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, मनानं चांगले, आवाजानं त्याहून चांगले. धुराड्याचं तोंड नेमकं त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांखाली येई. एका सकाळी ते धोतर हातात घेऊन खाली उतरले.

"नानांनू, ह्या काय? सोमवारी ह्या धोतर पांढरा होता. आता ह्याका काय म्हणू? काळा सोवळा?"

"हं," नाना म्हणाले.

"अहो हं काय? माका सांगा, हय थंडी खंय आसा?"

"डिसेंबर म्हणजे डिसेंबर," नाना म्हणाले.

"जानेवारी चललो मा!"

यावर नाना बाजारात गेले. त्यांनी नवं धोतर आणून दिलं. चार दिवसांत तेही राखाडी झालं. मग पेडणेकरांनी रागाच्या भरात चाळमालकांचं भाडं वसूल करणाऱ्या मेहताजींना सांगितलं, की खाली खोलीत भट्टी लावली आहे आणि खिडकीचा गज काढला आहे. चाळीत भट्टी लावायला मालकांची बंदी होती. मेहताजींचा निरोप आला: रविवारी हमाल घेऊन येतो, भट्टी उचलून नेणार.

शाळामास्तर, म्हणजे शिकलेला म्हणून नानांना समजवायचं काम माझ्याकडे आलं. मी गेलो तेव्हा नाना कोट घालून धुराडं फडक्यानं पुसत होते.

"नाना, कशाला वाद? देऊन टाका. आता थंडीही ओसरली."

"नाही."

"मेहताजी हमाल आणणार आहेत."

"आणू दे."

"अहो, निदान माईंचा विचार करा. त्यांचा जीव जरा सुटेल या उकाड्यातून."

नानांनी फडकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी मराठीतच बोललो ना याची मला शंका आली. तेवढ्यात माई आतून बाहेर आल्या. इतक्या दिवसांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"मास्तर, माझा जीव सोडवायला तुम्हाला कुणी बोलावलंय? बुखारी जायची नाही. तुम्ही रविवारी इथे या, आणि फक्त गप्प बसा. जमेल?"

गप्प बसणं मास्तरांना कठीण असतं. पण मी "जमेल" म्हटलं.

रविवारी दुपारी मेहताजी आले. मागे दोन हमाल, हातात दोर. गॅलरीत अख्खी चाळ उभी. पेडणेकर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, चेहरा पडलेला. रागात बोललेलं इतकं मनावर घेतलं जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. नाना बुखारीला पाठ लावून उभे राहिले. कोटाची सगळी बटणं लावलेली. शिपाई मोर्चावर उभा राहतो तसे.

"नाना, बाजूला व्हा," मेहताजी म्हणाले. "भट्टी चालणार नाय. मालकाचा हुकूम हाय."

"कुठली भट्टी?" माईंनी विचारलं.

"ही काय!"

"हा बंब आहे."

मेहताजींनी एकदा बुखारीकडे पाहिलं, एकदा माईंकडे.

"बंब? बाहेरच्या खोलीत?"

"मग कुठे ठेवू? मोरीत? तुमच्या मालकांनी मोरी बांधलीय की देवळी? माणूस आत गेलं तर तांब्या बाहेर ठेवावा लागतो. नाना, सरा जरा. हा नळ बघा, मेहताजी. भट्टीला नळ असतो कधी?"

नाना सरकले. पितळेचा नळ चकाकत होता. माईंनी सकाळीच चिंच लावून घासला होता. मेहताजी खाली बसले आणि त्यांनी नळ फिरवला. काही आलं नाही.

"पाणी नाय यात."

"दुपारी पाणी कुणाकडे असतं मुलुंडला?" माई म्हणाल्या. "तुमच्याकडे असतं?"

गॅलरीतून एकदम हशा उठला. मेहताजी चिडले, त्यांनी नळ पूर्ण उघडून वर एक चापट मारली. नळातून चिमूटभर राख जमिनीवर पडली.

आता संपलं, असं मला वाटलं. नानांनी डोळे मिटले.

"बघा!" माई कडाडल्या. "बघा काय येतं ते पाण्यातून! हे पितो आम्ही. सांगा तुमच्या मालकांना, टाकी शेवटची कधी धुतली?"

टाकीचा विषय मेहताजींना नको होता. त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "मास्तर, तुमी शिकलेले मानूस. तुमी सांगा, हा बंब हाय?"

मला गप्प बसायला सांगितलं होतं. तरी मी एवढंच म्हटलं, की मुलुंडला दुपारी पाणी जातं. हे वाक्य कुठल्याही कोर्टात टिकलं असतं.

"आणि तुमी, पेडणेकर? तक्रार तर तुमचीच हाय ना?"

पेडणेकरांनी नानांकडे पाहिलं, माईंकडे पाहिलं, मग मालकांच्या माणसाकडे पाहिलं. चाळीत भाडेकरूंची आपसातली भांडणं वेगळी आणि मालकाचा माणूस वेगळा.

"बंबच आसा," ते म्हणाले. "माका धुराचा तेवढा वाईट वाटला. पण बंबाक धूर येवचोच, मेहताजी."

हमालांनी दोर गुंडाळला. पेडणेकरांनी त्याच संध्याकाळी वर चढून आणखी एक पाईप जोडून दिला आणि धूर छपरापलीकडे गेला.

मी निघालो तेव्हा माईंनी चहाला थांबवलं. नाना गज परत बसवता येईल का ते पाहायला बाहेर गेले होते.

"माई," मी म्हटलं, "तुम्हाला इतकी थंडी वाजते हे मला माहीत नव्हतं."

"थंडी?" माई हसल्या. "मी दापोलीची, मास्तर. सिमल्याची थंडी सोसली ती सोसली. इथे कसली थंडी?"

"मग हे?"

त्यांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"हे बोलत नाहीत हो. लग्न होऊन तिकडे गेले तेव्हा मला वाटलं, मुक्याच्या गळ्यात बांधली. मग बर्फ पडला, बुखारी पेटली. हात शेकले आणि हे बोलायला लागले. ऑफिसातल्या साहेबाची टोपी माकडानं कशी पळवली, अमका काय म्हणाला, तमका कसा घसरला. रात्र पुरायची नाही. उन्हाळा आला की परत मुके. वर्षातले सहा महिने मला नवरा असायचा." त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. "इथे आलो. पावसाळा गेला, दिवाळी गेली. 'भाजी.' 'दार लाव.' बस. इथे सहा महिनेही मिळणार नाहीत हे दिसायला लागलं. मग मीच म्हटलं, मला थंडी वाजते. त्यांना सांगू नका हं. खरंच वाटतं त्यांना. म्हणून तर कोट घालतात, मला एकटीला चमत्कारिक वाटू नये म्हणून."

मी चहा संपवला. "ठीक" म्हणालो आणि उठलो.

बाहेर गॅलरीच्या टोकाला नाना उभे होते. मी आलो हे त्यांना कळलं नाही. त्यांनी कोटाची बटणं सोडली होती आणि वर्तमानपत्राची घडी करून जोरजोरात वारा घेत होते. कोटाच्या आत काहीच नव्हतं. सदरा नाही, गंजी नाही. नुसतं जानवं, आणि घामानं ते पोटाला चिकटलेलं.

मला पाहून त्यांनी एकेक बटण शांतपणे लावलं, अगदी गळ्यापर्यंत.

"हिला सोसत नाही," ते म्हणाले आणि लाकडं उचलून आत गेले.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडे तो आवाज सुरू झाला. माकड टोपी घेऊन देवदारावर चढलं होतं. माईंनी ही गोष्ट किती हिवाळे ऐकली असेल देव जाणे. पण नाना जिथे थांबले तिथे, बरोबर तिथे, त्यांनी विचारलं, "मग?"

पुढच्या आठवड्यात मालकांकडून एक प्लंबर आला आणि बुखारीच्या नळाला नवा वायसर बसवून गेला.