मामींच्या आवाजाचं पेटंट

याकोबमामांना चहा दिला, की ते आधी कपाच्या कानाकडे निरखून बघतात आणि विचारतात, "हे कुणाचं पेटंट?" माहीत नाही म्हटलं, तर म्हणतात, "मग जपून प्या, नोटीस येईल." गिऱ्हाइकं हसतात. मला मात्र दिवसातून चारदा तेच ऐकून वैताग येतो. काय करणार, शिरूरच्या एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून मामांचं, मोटर-स्टार्टर दुरुस्तीचं.

मामा सत्तरीचे, मिशनच्या जुन्या वर्कशॉपमध्ये शिकलेले. खिशात कायम टेस्टर, रविवारी चर्चमध्येसुद्धा. एकदा प्रार्थना चालू असताना माइक खरखरला, तर यांनी पाळकसाहेबांच्या हातातून तो काढून घेतला, खोलला, तार जोडली आणि "आता म्हणा आमेन" म्हणून परत दिला!

शेतातली लाईट कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून मामांनी एक डबी बनवली. लाईट आली की ती मोटर लावते आणि शेतकऱ्याला फोन करून बाईच्या आवाजात सांगते, "आवो, लाईट आली. मोटर लागली." आवाज मामांच्या बायकोचा, रूथमामींचा. पहिली डबी केंदूरच्या आप्पांकडे बसली आणि त्यांच्या घरात महाभारत झालं. फोन उचलला आप्पांच्या कारभारणीनं. ती तडक मामांच्या दुकानात हजर. "ही कोण बया आमच्या मालकांना आवो म्हणती?" मामींनी तिच्यापुढं तेच वाक्य म्हणून दाखवलं, तेव्हा कुठं प्रकरण मिटलं.

पुढे मामी गेल्या. मामा मात्र 'गेली' हा शब्द काढत नाहीत. "रूथला विचारून सांगतो," म्हणतात. आम्हीही "विचारा" म्हणतो.

मध्यंतरी एका बड्या कंपनीची नोटीस आली. शिरूरला, शिक्रापूरला, जो कोणी अशा डब्या बनवतो किंवा दुरुस्त करतो त्या प्रत्येकाला. लाईट आल्यावर फोन करणारं यंत्र हा आमचा शोध, पेटंट आमचं, तुमचं काम बंद करा. शिक्रापूरच्या दोघांनी भीतीपोटी दुकानातल्या डब्या फोडून टाकल्या.

मामा मात्र लढायला निघाले. मी म्हटलं, "मामा, कशाला मोठ्यांच्या नादी लागता?"

"पेटंट वाईट न्हाई, ताई. ज्यानं डोकं चालवलं त्याला मान मिळाया पायजे. पण कुंपण आपल्या रानाला घालावं, गावच्या वाटेला न्हाई. आन् पेटंटच्या हापिसातल्या साहेब लोकांनी बघितलं न्हाई, तर कुंपण रोज वीतभर सरकतंय."

मग पेटंटच्या ऑफिसात हरकतीचा अर्ज गेला. टाइप अर्थात मीच केला. मामा उभे राहून सांगत आणि प्रत्येक वाक्यात 'सबब' घालायला लावत. उत्तर आलं: कंपनीच्या अर्जाआधी ही डबी लोकांच्या वापरात होती, याचा तारखेसह पुरावा द्या.

"पावती?" मी विचारलं.

"मी कवा पावती फाडलीया?"

आणि मी बोलून गेले, "अहो, आप्पांच्या डबीत मामींचा आवाज आहे ना! मामींनी समोर बोलून दाखवलं, अशी त्यांची कारभारीण साक्ष देईल. मामी कंपनीच्या अर्जाआधी गेल्या असतील, तर डबी त्याच्याही आधीची. मामींच्या मृत्यूचा दाखला आणा, झालं काम!"

बोलल्यावर जीभ चावली, पण काय उपयोग? मामा उठून गेले. तीन दिवस त्यांचं शटर खालीच.

चौथ्या दिवशी आले. प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला दाखला काढला आणि माझ्या हातात न देता स्वतःच मशीनच्या काचेवर पालथा ठेवला. झेरॉक्स बाहेर आल्यावर मी तारीख बघितली, कंपनीच्या अर्जाशी ताडली. सात महिने आधीची! "मामा, जिंकलो की!" मी ओरडलेच. मूर्ख बाई.

मामांनी दाखल्याची घडी परत होती तशी घातली.

"व्हय. जिकलो," ते म्हणाले. "अजून आठ महिने जगली असती, तर हरलो असतो न्हवं?"

मी मान डोलावली.

"लई वाटतंय, ताई, हरायला पायजे हुतं."