चिंतामणभाऊंचा परका कॅमेरा

गेल्या वीस वर्षांत आमच्या मोहाडी तालुक्यात एकही काळा माणूस उरलेला नाही. पटत नसेल तर चिंतामणभाऊंच्या स्टुडिओत या आणि भिंतीवरचे फोटो बघा. जन्मभर धानाच्या बांधीत उन्हात राबलेली माणसं, पण फोटोत अशी गोरीपान की आत्ताच काश्मीरहून उतरलीत. चिंतामणभाऊंचं शास्त्र सरळ होतं. "लोक फोटोचे पैसे देत नाई जी, उजेडाचे देतात!" आधी तोंडावर दोन दिवे मारायचे, आणि मग कम्प्युटरवर बसून उरलासुरला रंग धुऊन काढायचा.

त्यांच्या स्टुडिओला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान. समोर तहसील कचेरी. तेव्हा अर्ज माझ्याकडे, फोटो त्यांच्याकडे, असा आमचा जोडधंदा. त्यांच्या त्या उजेडाचा प्रसाद मलाही मिळालेला आहे. एकदा बँकेत गेलो, तर खिडकीतल्या बाईंनी पासबुकावरचा फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "ज्यांचं खातं आहे त्यांना पाठवा." मी तणतणत परत आलो. चिंतामणभाऊंनी शांतपणे विचारलं, "मंग तुमी फोटोसारखं दिसाचा थोडा बी प्रयत्न काहून करत नाई?" आता या माणसाशी काय भांडायचं!

दुसरी गंमत म्हणजे, आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव ते कधी घेत नसत. जुन्या काळच्या बायका नवऱ्याचं घेत नसत, तसं. नुसतं 'आपली' म्हणायचे. कॅमेरा आपला, चारही लेन्सा आपल्या, फ्लॅश आपला, चार्जरसुद्धा आपला. बाकी जगातल्या झाडून साऱ्या कंपन्या 'परक्या'. आंधळगावच्या फोटोवाल्याकडे परका कॅमेरा होता. लग्नाच्या मांडवात तो भेटला की चिंतामणभाऊ त्याला 'जेवला का?' विचारायचे, पण त्याच्या गळ्यात काय लटकतंय तिकडे ढुंकून बघायचे नाहीत.

आणि हा माणूस होळीनंतर एका सकाळी माझ्या दुकानात येऊन म्हणतो, "दुसरा कॅमेरा घेऊन राहिलो. परका."

माझ्या हातून कुणाचा तरी सातबारा मशीनमध्ये उलटा गेला.

कारण मात्र मला विचारावं लागलं नाही. कारण त्यांची एकुलती एक मुलगी, वनिता. आंधळगावच्या दवाखान्यात नर्स आहे. रोज स्कूटीवर जाते-येते, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही. तीन वर्षांपूर्वी तिला पाहायला गोंदियाकडचे पाहुणे आले होते. फोटो आधीच गेला होता, आणि तो बापानंच काढलेला. घरची पोरगी म्हटल्यावर उजेड जरा जास्तच पडलेला! वनिता पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मुलाच्या आईनं हातातल्या फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही मोठी बहीण का? जिचा फोटो आहे तिला बोलवा ना."

मी तिथंच बसलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वनिता मात्र लगेच म्हणाली, "ते फोटोतच राहते, आत्याबाई. बाहेर येत नाई. तुमी पोहे खा."

सगळे हसले. तीही हसली. पण त्या दिवसापासून ती बापाच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. दिवाळीला, बारशाला, कुठंही फोटोची वेळ आली की 'तुमी उभे राहा, मी काढतो' म्हणून ती कॅमेरा स्वतःच्या हातात घ्यायची. तीन वर्षांतल्या त्यांच्या घरच्या एकाही फोटोत ती नाही.

आता तिचं लग्न ठरलं होतं. तिच्याच दवाखान्यातला लॅबवाला. त्यानं रोज समोरासमोर पाहून पसंत केलेली, फोटोचा संबंधच नाही! सगळं छान होतं. फक्त वनितानं बापाला सांगून टाकलं होतं, "फोटो आंधळगाववाला काढंल. तुमी बाप म्हनून उभे राहा." वीस वर्षं तालुक्यातली लग्नं काढणारा माणूस, आणि पोरीच्या लग्नात त्याचा हात रिकामा! ती सासरी जायच्या आत तिनं आपल्यापुढं एकदा तरी बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. 'बस' म्हणायची हिंमत मात्र होत नव्हती.

"कॅमेराच बदलतो," ते म्हणाले. "माह्या हाताले उजेडाची सवय लागली जी. त्या कॅमेऱ्यात मी जसा हात घातला तसा माणूस गोरा होते."

ऐकणाऱ्या प्रत्येकानं त्यांना वेड्यात काढलं. आपल्याच कंपनीचा दुसरा घ्या, लेन्सा अदलाबदल करता येतील. परक्याला तुमची एकही लेन्स बसणार नाही, तिचं तोंडच वेगळं. बॅटरी वेगळी, फ्लॅश वेगळा, बटणंसुद्धा उलट्या बाजूला. मांडवात ऐन वेळी गोंधळाल. "होऊ द्या," चिंतामणभाऊ म्हणायचे. "गोंधळलो त जरा पाहून काढीन."

मग कॅमेऱ्यांच्या परीक्षा सुरू झाल्या. वैर बाजूला ठेवून त्यांनी आंधळगाववाल्याचा कॅमेरा एका दिवसासाठी मागून आणला आणि मागच्या गल्लीतल्या म्हशीचा फोटो काढला. म्हैस निळी आली. मालकाला वाटलं, हिला काहीतरी झालंय. तो गुरांच्या डॉक्टरला फोन लावायला निघाला. "हा बी नाई," म्हणून चिंतामणभाऊंनी कॅमेरा परत केला, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "उद्या नागपूरले चला. तुमचा चेहरा लागते."

वरठीला गाडीत बसलो तेव्हा त्यांच्या पिशवीत भरताचं एक मोठं वांगं आणि आंधळगावच्या कोशाचा, म्हणजे तिथल्या बिनरंगाच्या रेशमाचा, हातभर तुकडा होता. वांगं कशाला, कोसा कशाला, आणि मी कशाला, यातलं काही मला सांगितलं नव्हतं. ते नागपूरच्या त्या चकचकीत दुकानात कळलं. चिंतामणभाऊंनी मला दाराशी, खऱ्या उजेडात, स्टुलावर बसवलं. खांद्यावर कोसा टाकला. हातात वांगं दिलं. आणि एकामागून एक कॅमेरे मागवून माझे फोटो काढू लागले. प्रत्येक फोटो झाला की माझं मनगट धरायचे, ते कॅमेऱ्याच्या पडद्याशेजारी आणायचे आणि मान हलवायचे. दुकानातली गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून आमच्याभोवती जमली.

"अंकल, इसमें ब्यूटी मोड भी है," दुकानातल्या बाई उत्साहानं म्हणाल्या.

"तो बंद कुठून होते, तेवढं सांगा."

"पण रंग तर नंतर कम्प्युटरवर बदलता येतो ना?"

"तेच त वीस वर्षं करून राहिलो, बाई!"

सातव्या कॅमेऱ्याला माझं डोकं सटकलं. मी वांगं काउंटरवर आपटलं. "चिंतामणभाऊ, बस झालं! अख्ख्या तालुक्यात तुम्हाला काळा म्हणून मीच सापडलो का? म्हैस झाली, वांगं झालं, आणि आता मी?"

ते गडबडले. मला कोपऱ्यात नेऊन हळूच म्हणाले, "काळे म्हनून नाई आनलं जी. काळे त लय हायत. तुमचा अन् माह्या वनिताचा रंग एकच हाय. डिट्टो. तिले त बस म्हनता येत नाई... मंग तुमाले आनलं."

मी काउंटरवरचं वांगं उचललं आणि गुपचूप स्टुलावर जाऊन बसलो. पाठ ताठ केली. बाईंना म्हटलं, "आठवा दाखवा."

नववा जमला. वांगं जांभळं, कोसा कोशासारखा, आणि मी मीच. त्याच्याबरोबर एकच लेन्स घेतली, जवळ-दूर काहीच न करणारी. जवळून फोटो पाहिजे तर माणसानं स्वतः चालत जायचं, अशी. त्यांच्या जुन्या चारही लेन्सा घरीच राहिल्या. गाडीत चिंतामणभाऊंनी तो परका कॅमेरा वरठी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही.

लग्नाला आठ दिवस राहिले असताना वनिता पत्रिकेच्या प्रती काढायला माझ्या दुकानात आली. माझ्या टेबलावर माझाच फोटो पडला होता, नागपूरचा. तिनं तो उचलला.

"काका, हा कोनं काढला?"

"तुझ्या बाबांनी."

"बाबानं?" तिनं फोटो उजेडात धरला. मग तिनं आपलं मनगट त्या फोटोला लावलं. मी मुद्दाम मशीनकडे तोंड फिरवलं. मागं वळलो तर ती दुकानात नव्हती.

शेजारी डोकावलो. ती स्टुडिओच्या स्टुलावर बसली होती. ड्युटीचे कपडे, कपाळावर घाम, हेल्मेटनं चपटे झालेले केस. "काढा बाबा," ती म्हणाली. चिंतामणभाऊ सवयीनं दिव्याच्या बटणाकडे गेले, थांबले आणि त्यांनी खिडकी उघडली. कॅमेरा डोळ्याला लावला. बटण दाबलं.

वनितानं पडद्यावर पाहिलं. "हलला ना, बाबा."

"दुसरा काढतो."

"राहू द्या." ती अजून बघतच होती. "अशी हाय मी?"

"अशीच हाय, माय."

"मंग चांगलीच हाय ना जी मी!" ती म्हणाली, आणि जोरात हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले. मग उठून पदर नीट करावा तसा तिनं बापाच्या गळ्यातला पट्टा सरळ केला. "लग्नात बाप म्हनूनच उभे राहा. पन हा गळ्यात असू द्या."

चिंतामणभाऊ मान डोलवून 'हाव' म्हणाले. मग खिडकीकडे तोंड करून लेन्सच पुसत बसले, म्हणून पत्रिकेच्या किती प्रती काढायच्या, ते मीच तिला विचारलं.