कचराभट्टीवरील मोहीम आणि पिपाणीची नौबत

घसे साफ करून ऐकावे, कारण ही हकीकत घशाचीच आहे. शहराच्या कडेस कचरा जाळावयाची भट्टी, तिचे धुराडे आभाळास भिडलेले, आणि त्याच्या ऐन माऱ्यात एक इमारत. भट्टीने रोज काळ्या फौजा रवाना कराव्या, वाळत घातलेल्या चादरी काबीज कराव्या, मग खिडक्यांच्या फटींतून शिरून थेट रयतेच्या छातीत मोर्चे लावावे, ऐसा जुलूम बहुत दिवस चालिला. तळमजल्याचे शिंपीकाका खोकता खोकता बाह्या वाकड्या शिवीत. परंतु खरी आपत्ती वरच्या मजल्यावर. तेथील आजीसाहेबांची नात पिटुकली, हिचा दम ऐसा कोंडे की मामाने आणिलेली पिपाणी तिजला वाजेना, नुसती फुस्स होई. डॉक्टरांचा हुकूम जाहला की पोरीस या धुरापासून वाचवा, औषधे किती पुरी पडणार. मग पिपाणी फडताळावर चढली आणि आजीसाहेबांचा जीव तीळतीळ तुटू लागला.

तेव्हा आजीसाहेबांनी मसलत करून, तक्रारीवर तक्रार गुदरून, सरकारी तपासनिसांची स्वारी मागविली. स्वारी येते हे वर्तमान कळताच आमच्या शहाण्या फौजेने जी चूक केली, ती लिहिताना लेखणीस हसू आवरत नाही. पाहुणा येणार, घर कळकट दिसले तर अब्रू जाईल, म्हणून समस्तांनी खिडक्या घासिल्या आणि पडदे धुतले आणि जिन्याचे कठडे पुसले, आणि काजळी, म्हणजे शत्रूविरुद्धची एकुलती एक साक्षीदार, बादल्या भरभरून मोरीत सोडिली. भट्टीचा मुकादम त्याहून वस्ताद. त्याने त्या सकाळी आग विझवून धुराडे साळसूद करून ठेविले.

तपासनीस आले, खिडकीवर बोट फिरविले, बोट निरखिले आणि वदले, "अहो, माझ्या घरापेक्षा स्वच्छ आहे तुमच्याकडे." आजीसाहेब आधी सुखावल्या, मग त्यांचे तोंड उतरले. आपल्याच हातांनी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

स्वारी निघावयास उठली, तो आजीसाहेबांनी सवयीने फर्मान सोडिले की चहा घेतल्यावाचून उंबरा ओलांडायचा नाही. चहा जाहला, मग बिस्किटे, मग दुसरा चहा, आणि मग शिंपीकाकांचा आग्रह की तिसरा गच्चीवर घ्यावा. इतक्यात स्वारीचा ड्रायव्हर चाकांत हवा भरावयास गाडी घेऊन गेला. भट्टीच्या पहारेकऱ्याने गाडी जाताना पाहिली, बला टळली ऐसे समजून मुकादमास वर्दी दिली, आणि भट्टी दुप्पट जोराने पेटली.

काळा लोट गच्चीवर उतरला, तपासनिसांचा पांढरा सदरा कोळशाच्या पोत्यासारखा जाहला, चहावर काजळीची साय धरली, आणि स्वारी खोकून खोकून लाल जाहली. आजीसाहेब त्यांची पाठ चोळीत म्हणाल्या, "सावकाश, साहेब. आमची पोर रोज अशीच खोकते."

तपासनिसांनी काजळीचा चहा खाली ठेविला. त्याच काळ्या सदऱ्यानिशी ते भट्टीवर चालून गेले आणि हुकूम केला की धूर गाळणारी यंत्रे बसेपर्यंत भट्टी थंड. मुकादम हवालदिल होऊन इतकेच बोलिला, "पण साहेब, तुम्ही तर गेला होतात ना?"

पोरीची छाती मोकळी होण्यास वेळ लागला. मग एके दुपारी तिने स्टुलावर चढून पिपाणी उतरविली आणि फुंकिली. आवाज ऐसा कर्कश की शिंपीकाकांची सुई बोटात गेली. ते तणतणत वर आले, दारात आजीसाहेबांस डोळे पुसताना पाहिले, आणि म्हणाले, "वाजव गं पोरी, अजून जोरात वाजव."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. नौबत अद्याप सकाळ-संध्याकाळ झडते, समस्त इमारत कानांत बोळे घालून हिंडते, आणि बंद कर म्हणण्यास आजवर कोणी धजावले नाही.