जुन्या गीझरची हकालपट्टी

आमच्या घरात अक्कल एकाच माणसाकडे आहे आणि ते माणूस नववीत शिकतं. म्हणजे मी!

पुरावा हवाय? आमचा जुना गीझर बघायला हवा होतात! पोट सुटलेल्या पहिलवानासारखा भिंतीला लटकलेला, आणि दम किती? अडीच आंघोळींचा! बाबा, दादा आणि अर्धी आई. उरलेली अर्धी आई आणि अख्खी मी, गारठून बर्फ! शनिवारी शाळेत वर्गाचा फोटो होता. त्या दिवशी गरम पाण्याने केस धुवायचेच, असं मी ठरवलं.

जेवताना भाषणच ठोकलं. "टाकी नसलेला गीझर घ्या! नळ सोडला की पाणी तापतं. संपतच नाही!"

"संपतच नाही?" बाबांचे डोळे लुकलुकले. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

आई म्हणाली, "आहे ते बरं आहे गं. टाकी संपते म्हणून तर..."

"आई, तुला यातलं काही कळत नाही!"

शुक्रवारी प्लंबरकाकांनी नवा गीझर बसवला. एवढासा, डब्याएवढा! "दोन नळ एकदम सोडू नका, पाणी गार येईल," एवढं बजावून ते गेले. जुना गीझर आत्याने मागितला. "ने गं, ने ते डबडं!" मी म्हटलं आणि डोक्यावर वाटीभर तेल थापलं.

शनिवारी साडेसहाला बाबा आत गेले. पूर्वी सात मिनिटांत कुरकुरत बाहेर यायचे. सात वाजले तरी आतून गाणं चालूच!

"बाबा, आटपा ना!"

"अगं, अजून गरमच येतंय!"

तेवढ्यात आईने स्वयंपाकघरात नळ सोडला. आतून किंकाळी! "कोण आहे रे तिकडे? गारठलो! आता पुन्हा पहिल्यापासून शेकायला हवं!"

सव्वासातला एकदाचं दार उघडलं. मी टॉवेल उचलेपर्यंत दादा आत सटकला.

"दादा! माझा फोटो आहे!"

"मग जा की! फोटोत वास येत नाही!"

मी संतापून बेसिनचा नळ सोडला. बाहेर येईल म्हटलं, तर तोही किंचाळला आणि पुन्हा पहिल्यापासून शेकायला लागला. बापाचाच मुलगा!

आई शांतपणे म्हणाली, "तेच सांगत होते. टाकी संपते म्हणून तर ही माणसं बाहेर येतात."

फोटो आलाय. तिसऱ्या रांगेत जो दिवा लागलाय ना, ते माझं डोकं!

हल्ली मी आंघोळीला आत्याकडे जाते. तिथे जुना गीझर अगदी झकास चालतो. माझा नंबर चौथा असतो.

पाण्याचं काही विचारू नका!