सावली चुकवणारे गंगाधर आबा

बुऱ्हाणपूरच्या चौकातल्या टावरची सावली गंगाधर आबांनी कधी अंगावर पडू दिली नाही. सकाळी ती चौक ओलांडून बुधवारा पेठेच्या तोंडापर्यंत आडवी पसरायची. आबांचं दोरखंडाचं दुकान तिच्या अलीकडे. पलीकडच्या गोदामात जायचं असलं, की आबा सावलीच्या कडेला येऊन थबकायचे, पंचा खांद्यावर नीट करायचे आणि मशिदीच्या अंगाने अख्ख्या चौकाला वळसा घालायचे. सुतळीचं बंडल डोक्यावर घेतलेला हमाल सरळ जायचा, माल उतरवायचा आणि विडी ओढत आबांची वाट पाहायचा. ढगाळ दिवशी आबा कुठूनही जात.

"आज सावली पडते, उद्या टावर पडीन," असं ते ज्याला त्याला सांगत.

तापीच्या पुलावरून गाव पाहिलं की जामा मशिदीचे दोन मिनार, देवळांची शिखरं, गिरणीची चिमणी आणि या सगळ्यांच्या मधोमध मान ताठ करून उभा असलेला हा टावर, असा देखावा दिसायचा. आम्हा गाववाल्यांना त्याचा फार अभिमान. कापसात पैसा केलेल्या एका शेठजींनी आबांच्या तरुणपणी तो बांधला होता. वर चारी बाजूंनी घड्याळं, त्यांच्याखाली अरुंद सज्जा आणि सज्ज्याला लोखंडी कठडा. आबांच्या मते मिनार बांधणाऱ्यांना पिढ्यांची काळजी होती, शेठजींना उद्घाटनाची घाई होती. चुना कच्चा, वीट कच्ची आणि कठडा तर पार सडलेला. शेठजींच्या वारसांना त्यांनी हे इतकेदा ऐकवलं, की आबा येताना दिसले की वारस मागच्या दाराने बाहेर पडत.

मी तेव्हा शाळेत नवा मास्तर होतो आणि आबांच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली होती. त्यामुळे त्यांचा धंदा मला वरून ऐकू यायचा. गिऱ्हाइकाने दोर मागितला, की आबांचा पहिला प्रश्न, "कायले पाहिजे?" फोपनारचा शेतकरी बैलासाठी कासरा मागे. मग बैल मारका आहे का, वय काय, नाव काय, हे सगळं झाल्यावरच कासरा मिळे. विहिरीचा दोर मागणाऱ्याला विहिरीची खोली सांगावी लागे. एकदा टावर रंगवणारा रंगारी आला. आबांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, बायकामुलांची चौकशी केली आणि दोर न देता परत पाठवलं. रंगाऱ्याने दुसऱ्या दुकानातून दोर आणला, तर आबा दिवसभर त्याच्या नावाने ओरडत चौकात उभे. सावलीच्या बाहेर, अर्थात.

आबांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांचं जे काही गणगोत होतं ते समोरच्या दुकानात बसायचं. रामप्रसाद हलवाई. लहानपणापासूनचे दोस्त. रामप्रसादचं पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. संध्याकाळी भट्टी विझली की तो कढईतली शेवटची मावा जिलेबी पानांच्या दोन्यात घालून आबांकडे यायचा. आबा मराठीत बोलत, तो हिंदीत, आणि दोघंही एकमेकांचं बोलणं अर्ध्यात तोडत.

मग प्रांतांची फेरवाटणी निघाली. नागपूर आपली राजधानी राहणार नाही, हे कळून चुकलं होतं. बुऱ्हाणपूर कुठे जाणार, यावर गावाची दोन गावं झाली. आम्ही म्हणत होतो की आमची भाषा खानदेशाची, आम्हाला मराठी मुलखात घाला. समोरचे हिंदीवाले म्हणत होते की निमाड मुलूख तोडू देणार नाही. आधी ओट्यांवर चर्चा झाल्या, मग सभा, मग धक्काबुक्की. शाळेत पोरं दोन बाजूंना बसायला लागली.

आबा आणि रामप्रसादचंही तिथेच बिनसलं. बोलता बोलता रामप्रसाद रागाच्या भरात म्हणाला, तुझा बाप खानदेशातल्या रावेरहून आला होता, एवढं असेल तर तूही तिकडेच चालता हो. आबांनी हातातली जिलेबी दोन्यात परत ठेवली. दोघांच्या दुकानांमध्ये रस्ता होता तेवढाच, पण त्या दिवसापासून तो कुणी ओलांडला नाही. आमच्या लोकांनी आबांना पुढारी केलं, त्यांच्या लोकांनी रामप्रसादला. आबा सभेत बोलत, पण मला वरून दिसायचं, की संध्याकाळी ते दिवा न लावता गल्ल्यावर बसून राहत.

फेरवाटणी ठरवणारे मोठे अधिकारी गावात येणार अशी बातमी आली. समोरच्यांनी ठरवलं, की टावरवर आपला भलाथोरला कापडी फलक लावायचा, म्हणजे पुलावरूनच त्यांना दिसेल. आमच्यातले तापट लोक म्हणाले, लावूनच दाखवा. त्या सकाळी बाजार उघडला नाही. चौकाच्या एका अंगाला ते, दुसऱ्या अंगाला आम्ही. दोन्हीकडे काठ्या होत्या.

पण फलक घेऊन वर जाणार कोण? त्यांच्यातला एकही तरुण पुढे येईना. सगळे आबांचं ऐकत लहानाचे मोठे झालेले. कच्चा चुना, सडका कठडा हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ होतं. शेवटी रामप्रसादने धोतर खोचलं, फलकाची गुंडाळी खांद्यावर टाकली, आबांच्या दुकानाकडे एकदा रोखून पाहिलं आणि तो टावरच्या आत शिरला.

बऱ्याच वेळाने तो घड्याळाखालच्या सज्ज्यावर दिसला. त्यांच्याकडून जयघोष झाला. रामप्रसादने फलक बांधायला कठड्यावर भार टाकला आणि कठडा सुटला. लोखंड चौकात आदळलं, पाठोपाठ फलक पडला, सज्ज्याचा एक तुकडाही ढासळला. रामप्रसाद भिंतीला चिकटला होता. दोन्ही हातांनी त्याने भिंतीतला दिवा टांगायचा आकडा धरला होता, आणि तो व दरवाजा यांच्यामध्ये सज्जा उरला नव्हता.

मग त्यांच्यातून आवाज आला, की मराठीवाल्यांनी रात्री येऊन कठडा ढिला केला. दगड उचलले गेले. आमच्या बाजूनेही उचलले. माझ्या शेजारचा माणूस, जो रोज सकाळी मला राम राम करायचा, त्याच्या हातात विटेचा तुकडा होता. आता कुणी एकाने जरी हात उगारला असता, तर काय झालं असतं हे मला आजही आठवावंसं वाटत नाही.

तेवढ्यात आबा दुकानातून बाहेर आले. खांद्यावर दोराचं वेटोळं. ते दोन्ही जमावांच्या मधून चालत गेले आणि पडलेल्या कठड्याजवळ थांबले. गजाचं टोक हातात घेऊन त्यांनी चिमटीने मोडलं. गंजाचा भुगा खाली पडला.

"मी किती वर्षं सांगून रायलो?" ते म्हणाले. "कोणी ढिला नाही केला. सडला होता."

हे सगळ्यांनीच ऐकलेलं होतं, कंटाळा येईस्तोवर ऐकलेलं होतं. हातातले दगड खाली आले. आबा मला म्हणाले, "मास्तर, चाला." त्यांच्यातल्या एका गिरणीकामगारालाही त्यांनी खुणेने बोलावलं.

टावरच्या दाराशी सावली दाट होती. आबा तिच्यात शिरले.

जिना अंधारा होता. आबा भिंतीला हात लावून, एकेक पायरी चाचपत चढत होते. वर दारातून वारा येत होता. दोर टाकला तर रामप्रसादने धरायला हवा होता, पण आकडा सोडायची त्याची हिंमत नव्हती. त्याचे डोळे मिटलेले, ओठ पांढरे. आबांनी दोराचं एक टोक आतल्या खांबाला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला. मधला दोर मी आणि गिरणीकामगाराने धरला. दुसरा दोर दातात धरून आबा बाहेर पडले. ढासळलेल्या जागी भिंतीतून निघालेल्या विटांवर पाऊल टाकत ते पलीकडे पोहोचले.

"गंगाधर, मत आ रे. तू भी गिरेगा," रामप्रसाद पुटपुटला.

आबांनी त्याच्या पोटाभोवती दोर घातला, गाठ मारली, टोक आमच्याकडे फेकलं. आम्ही ते खांबाला आवळलं. आता नुसतं आकडा सोडून सरकायचं होतं. पण रामप्रसाद आकडा सोडेना. आबांनी समजावलं, शिव्या दिल्या, त्याच्या बायकोचं नाव घेतलं. तो नुसता मान हलवत राहिला.

मग आबांनी भिंतीला गाल टेकला. ते इतक्या हळू बोलले, की मी दारातून कान लावून ऐकलं.

"गावात सारे मले आबा म्हणतात, रामप्रसाद. पोरं, बाया, म्हातारेही. गंगाधर म्हणणारा तू एकलाच उरला. तू गेला तर ते नाव मीच विसरून जाईन."

रामप्रसादने डोळे उघडले. थोड्या वेळाने त्याने आधी एक हात सोडला, मग दुसरा. आम्ही दोघांनी त्याला आत ओढलं, मागून आबांना. आम्ही चौघं त्या घड्याळाच्या खोलीत धापा टाकत पडलो होतो. रामप्रसाद लहान मुलासारखा रडला. आबा दोर गुंडाळत राहिले. खाली उतरल्यावर दोघं आपापल्या दुकानात गेले आणि जमावही पांगला.

पुढे निकाल लागला. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. आम्ही हरलो. त्या सकाळी समोरच्या गल्लीत गुलाल उडत होता, पण रामप्रसादने भट्टी पेटवली नव्हती. दुकानाच्या फळ्या बंदच. आबांनी बराच वेळ वाट पाहिली. मग ते रस्ता ओलांडून गेले आणि फळीवर थापा मारल्या. मला वरून एवढंच ऐकू आलं, "जिंकला ना? मंग भट्टी पेटव."

दुपारी आबा मोठा दोना घेऊन आमच्या लोकांच्या दारोदार फिरत होते. रामप्रसादची बाजू जिंकली म्हणून जिलेबी वाटत होते. कुणी दार लावून घेतलं, कुणी अपमान केला. आबा पुढच्या दाराकडे वळत. शेवटी ते जिना चढून माझ्या खोलीवर आले. दोना जवळजवळ भरलेलाच होता. मी एक जिलेबी उचलली, खाल्ली. आबा माझ्या तोंडाकडे पाहत उभे होते.

"कशी झाली?"

मी म्हटलं, फार चांगली.

"मंग तसं त्याले जाऊन सांगा," आबा म्हणाले. "मी सांगितलं तर तो डोक्यावर बसीन."