चित्र आलं की सांगा

टीव्हीची छत्री बसवणं म्हणजे भिंतीत खिळा ठोकण्याइतकं सोपं काम, असं मी दुकानदाराला तोंडावर सांगितलं. तो म्हणत होता, बसवायला माणूस पाठवतो. मी म्हटलं, माणूस घरात आहे! एक पत्र्याची थाळी, तिच्या तोंडासमोर एक डबी आणि डबीपासून टीव्हीच्या खोक्यापर्यंत वायर. यात माणूस पाठवण्यासारखं काय आहे?

आणि मला घाई होती. रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी स्वतः टीव्हीवर दिसणार होतो. थट्टा नाही! एका फुकट वाहिनीवर घरगुती दुरुस्त्यांचा एक कार्यक्रम असतो, त्यासाठी आमच्या ऑफिसातल्या हौशी लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. मी वीस मिनिटं बोललो, त्यातली दोन दाखवणार होते. ती वाहिनी आमच्या केबलवर येत नाही, म्हणून ही छत्री.

बघायला मुद्दाम सासऱ्यांना बोलावलं होतं. त्यांची उभी हयात वायरमन म्हणून गेली. लग्नाला बारा वर्षं झाली, पण मी टेबलफॅन उघडला की ते अजूनही एक शब्द न बोलता मेन स्विच बंद करायला उठतात. या माणसानं एकदा तरी मला जाणकार म्हणून बोलताना बघावं, एवढीच माझी इच्छा होती. ही काय फार मोठी मागणी झाली?

रविवारी दुपारी तीनला मी गच्चीवर चढलो. टाकीच्या पाइपाला छत्री अडकवली. माझा पान्हा नटाला बसेना, म्हणून चारही नट बोटांनीच आवळले. आपली हत्यारांची पिशवी आणू का, असं सासऱ्यांनी खालून विचारलं. मी म्हटलं, तुम्ही फक्त आरामात बसा. ते टीव्हीसमोर, बायको खिडकीत आणि मी वर, अशी व्यवस्था लावली. दोघांनाही बजावलं, चित्र आलं की सांगा.

अर्धा तास मी छत्री केसाकेसानं फिरवत होतो. खालून चकार शब्द नाही. मग एकदम बायको ओरडली, "गेलं!"

"गेलं म्हणजे? आलं होतं का?"

"मघाशीच आलं होतं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"अहो, छान दिसत होतं. त्यात काय सांगायचं?"

आता बोला! पुन्हा शोध सुरू. पुन्हा शांतता, पुन्हा "गेलं!" या वेळी म्हणे हत्तीचं पिल्लू चिखलात अडकलं होतं आणि दोघंही श्वास रोखून बघत होते. पिल्लू निघालं का, हे कळायच्या आत मी छत्री फिरवली, म्हणून उलट मलाच बोलणी! असं तीनदा झालं. चालू असलेल्या गोष्टीची बातमी आमच्या घरात कुणी देत नाही. बंद पडली की मात्र पहिला आरोपी मी.

पावणेपाचला कळलं, की मी छत्रीची कड हातानं धरून ठेवली तर चित्र टिकतं. सोडली की छत्री मान टाकते.

"हलू नका हं," खिडकीतून हुकूम आला. "सुरू होतंय."

"अगं, मग मी कसं बघणार?"

"तुम्ही रोज आरशात बघताच की."

माझ्याच मुलाखतीला मी खांबासारखा गच्चीवर उभा! पाच वाजले. संगीत वाजलं. कुणीतरी नळाबद्दल बोललं, कुणीतरी रंगाबद्दल. आणि मग माझा आवाज! माझाच! पण शब्द कळेनात. बायको खुदकन हसली. कशाला हसली? मी तर विनोद केलाच नव्हता. एक हात छत्रीवर ठेवून मी कठड्यावरून जरासा वाकलो. जरासाच. छत्रीही माझ्याबरोबर वाकली.

"गेलं!"

मी वेड्यासारखी छत्री फिरवू लागलो. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सासरे पिशवी घेऊन आले होते. पान्हा काढला, चारही नट सैल केले, छत्रीला बोटानं हलकंसं ढकललं आणि नट पुन्हा कचकचून आवळले. बायकोसुद्धा चक्क ओरडली, "आलं!" मी तीन-तीन पायऱ्या उड्या मारत खाली धावलो. चित्र लख्ख होतं आणि त्यावरून कार्यक्रमाच्या शेवटची नावं सरकत होती.

सासरे हात धुऊन आले. मी शक्य तेवढ्या सहजपणे विचारलं, माझं किती बघायला मिळालं?

"बरंच," टॉवेलला हात पुसत ते म्हणाले. "'चार नट आवळायला बाहेरचा माणूस कशाला हवा?' इथपर्यंत ऐकलं. मग गेलं, म्हणून वर आलो."

तो भाग पुन्हा कधी दाखवणार आहेत, याची मी अजून चौकशी केलेली नाही.